चाळीस प्रश्नांची बाई

"ताई, झोपवताना लेकराला कोणत्या कुशीवर झोपवता?"

हा तिचा बहुतेक सतरावा प्रश्न असावा. माझ्या मांडीवर एक लेकरू, गॅसवर खिचडी, अंगणात दोघांची बादलीवरून मारामारी चाललेली. आणि ही बाई दारातच उभी राहून विचारतेय. दवाखाना किती लांब? फोन कायम चालू असतो का? तुम्ही आंघोळीला गेल्यावर कोण बघतं? मी मनाशी ठरवून टाकलं, ही आपल्याला नको. "सध्या जागा नाही हो," म्हणाले. खरं तर दोन जागा रिकाम्या होत्या.

मी रिद्धपूरला घरातच पाळणाघर चालवते. समोरची खोली, ओसरी, मागचं अंगण आणि जास्तीत जास्त सहा लेकरं. सातवं घेत नाही, कारण माझे दोन आणि आत्याबाईंचे दोन असे चारच हात आहेत. रिद्धपूर म्हटलं की लोकांना महानुभावांची काशी आठवते, म्हाइंभटांचं लीळाचरित्र आठवतं. २०२४ पासून मराठी भाषा विद्यापीठही आठवायला लागलंय. पाळणाघर कोणाला आठवत नाही. आधी लेकरू आजीपाशी असायचं, नाहीतर धुऱ्यावरच्या निंबाला बांधलेल्या झोळीत.

कायद्यात बाईसाठी बरंच काही लिहिलेलं आहे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवडे झाली आणि ५० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पण संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जाणाऱ्या बाईला कोण रजा देणार? अंगणवाडीच्या वर्गात लेकरू तीन वर्षांचं झाल्यावर बसतं आणि तो वर्गही दिवसभर नसतो. मधल्या अडीच वर्षांचं काय, या प्रश्नाच्या जागी मी बसलेय.

लेकरं सांभाळणं मला अवघड वाटत नाही. अवघड असते ती घरच्यांची पहिली भेट. सुरुवातीला मी सगळ्यांना हो म्हणायचे. "तुम्ही तर घरीच असता, मग एवढे पैसे कशाचे?" असं विचारणाऱ्यांनाही. एका घरानं दोन महिन्यांचे पैसे बुडवले आणि मग आमच्या गल्लीतून जाणंच सोडलं. एक बाबा सहाच्या ऐवजी आठला यायचे आणि वर मलाच विचारायचे, "जेवलं ना?" त्यानंतर मी एक कागद केला. वेळ, एक महिन्याचे पैसे आगाऊ, ताप असेल त्या दिवशी लेकरू घरी आणि पहिले तीन दिवस आईनं सोबत बसायचं. हा कागद वाचून काही लोक परत येत नाहीत. ते बरंच असतं.

त्या बाईला नाही म्हटल्यावर तिसऱ्याच दिवशी एक जोडपं आलं. अमरावतीला रोज जाणं-येणं करणारं, गोड बोलणारं, सोबत पेढ्यांचा डबा. कागद वाचून दोघंही म्हणाले, "एकदम बरोबर आहे ताई." दोन लेकरं, महिन्याचे पाच हजार, तेही आगाऊ. मी मनातल्या मनात मागच्या खोलीचं गळकं टिन बदलूनही टाकलं.

निघताना त्या वहिनींनी हळूच विचारलं, "ओसरीवरची ती मुलगी कोणाची?"

"तोडणीला जाते तिची आई. रोजचे तीस रुपये देते."

"अच्छा. नाही, आम्ही तसलं काही मानत नाही हं. फक्त आमच्या मुलांचं ताट-पेला वेगळा ठेवाल ना? आणि झोपायची सतरंजी."

मी "नाही" म्हणाले असं इथे लिहायला मला आवडलं असतं. मी म्हणाले, "उद्या सांगते."

रात्री आत्याबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आपले गोविंदप्रभू मातंगायच्या वस्तीतही जात होते. अन् तू दोन वर्साच्या पोरीचं ताट येगळं मांडशीन?" त्यांचं बरोबरच होतं. पण मला थांबवलं ते लीळेनं नाही. मला डोळ्यांसमोर दिसलं, की दुपारी सगळे जेवायला बसलेत, मी दोन ताटं बाजूला काढतेय आणि ती पोरगी बघतेय. तिला कारण कळणार नाही. पण दोन ताटं वेगळी आहेत, एवढं नक्की कळेल.

सकाळी मी फोन केला. "सध्या जागा नाही हो." ते म्हणाले, "काही हरकत नाही ताई."

एकाच आठवड्यात दोन घरांना मी एकच खोटं सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात आशाताई ओसरीवर टेकल्या आणि त्या प्रश्नवाल्या बाईचा विषय निघाला. "तिच्या पोराले तापात झटके येतेत. आधी जेथी ठेवलं होतं, तेथी त्याईनं कांदा हुंगवला, दातात चमचा घातला. ओठ फाटला पोराचा. अन् तिले फोनच नाही केला. आता खरं सांगतलं तं कोणी घेत नाही, म्हणून ते सांगतच नाही. नुसती इचारत राह्यते."

कूस. दवाखाना. फोन. सगळे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत होते आणि मला वाटलं होतं, बाई चिकट आहे.

मी तिच्या घरी गेले. ती दारात माझ्याकडे बघतच राहिली. मी म्हटलं, "जागा होती. मी खोटं बोलले." मग आम्ही दोघी मिळून डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सांगितलेलं मी घरी भिंतीवर लिहून लावलं: कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, धरून दाबायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर सरळ दवाखाना. आत्याबाईंना वाचता येत नाही, म्हणून त्यांच्याकडून चार वेळा म्हणून घेतलं.

पावसाळ्यात एका दुपारी ते झालंच. अंग थोडं कोमट लागलं म्हणून मी थर्मामीटर शोधत होते, तेवढ्यात पोराचे डोळे फिरले. आत्याबाईंनी त्याला कुशीवर घेतलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. दीड मिनिट. एवढं लांब दीड मिनिट मी आयुष्यात पाहिलं नाही. ते थांबल्यावर माझे हात थरथरायला लागले. तिला फोन लावला.

चाळीस प्रश्नांच्या बाईनं एकच विचारलं, "किती वेळ?"

"दीड मिनिट. आता रडतोय."

"रडतोय ना? मग येतो मी," ती म्हणाली आणि फोन न ठेवताच निघाली. गाडीचा आवाज मला फोनमध्ये ऐकू येत होता.

कागदावर आता सगळ्यात वर एक ओळ आहे. ती मी विचारते, त्यांनी भरायची असते: तुम्हाला कशाची भीती वाटते? काही जण हसतात, काही जण "काही नाही" लिहितात. एका आईनं अर्धं पान भरून दिलं.

ते गोड बोलणारं जोडपं मला अजून बसस्टँडवर दिसतं. ते हसतात, मीही हसते. जागा तेव्हा होती, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.