शाईचा ठिपका

रात्रीचे साडेदहा. धारवाडात, मळमड्डीतल्या खोलीवर परतलो, पण वही उघडल्याशिवाय झोप येणार नाही.

मी इतिहासाचा, एम.ए.चं दुसरं वर्ष. आज विद्यापीठात बाहेरून आलेल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांचं व्याख्यान होतं, विषय तबला. मित्रानं ओढून नेलं. साध्या ताणलेल्या कातड्यावर थाप मारली, तर निघणाऱ्या कंपनांचं एकमेकांशी पूर्णांकी नातं नसतं, म्हणून सूर लागत नाही. मधली शाई, म्हणजे लोहकीट आणि खळीचे थरांवर थर, कातड्याला नेमकं वजन देते आणि नाद सुरेल होतो. शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी हे १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं. गणित मला अर्धंच कळलं. पण अंगावर काटा आला.

कारण शेजारच्या घरातून रोज संध्याकाळी तबला ऐकू येतो, आणि तो ठिपका मला आजवर नुसती नक्षी वाटत होता. गावात एवढं संगीत, आणि मी बहिरा!

गणित आणि कला अशी एकत्र पाहून परतताना नाटककार गिरीश कार्नाड आठवले. इथल्याच कर्नाटक कॉलेजात १९५८ साली ते गणित-संख्याशास्त्र घेऊन पदवीधर झाले, आणि १९६१ साली त्यांचं ‘ययाति’ नाटक आलं.

प्रश्नोत्तरांत हात वर करायचं धैर्य झालं नाही. विचारायचं होतं: रामन यांच्या कितीतरी आधी, केवळ कानाच्या भरवशावर, दगडानं घासत ही शाई बसवणारे कारागीर कोण होते? त्यांची नावं कुठल्या दप्तरात सापडतील? हा प्रश्न तर माझ्याच विषयातला. उद्या सकाळी आधी तबले दुरुस्त करणाऱ्या काकांकडे जातो, मग ग्रंथालयात.