दाबलं की शून्य

निवृत्त माणसानं काय करावं, याबद्दल निवृत्त न झालेल्या माणसांची मतं फार ठाम असतात. कुणी म्हणालं, फिरायला जा. कुणी म्हणालं, ज्ञानेश्वरी वाचा. भाचा म्हणाला, "मामा, आर्डुइनो घ्या." मला वाटलं, होमिओपॅथीचं औषध असेल.

निघाला तळहातावर मावणारा एक बोर्ड. आपण लिहून दिलेला हुकूम पाळणारा छोटा मेंदू त्याच्यावर बसवलेला. हे बाळ इटलीतल्या इव्हरेआ गावी २००५ साली जन्मलं. नाव पडलं तिथल्या एका बारवरून, आणि बारला नाव इसवी सन १००२ मध्ये इटलीच्या गादीवर बसलेल्या आर्डुइन राजाचं. घरी सांगताना मी बार गाळून थेट राजाच सांगितला.

आता खरं कारण सांगतो. गेली दोनेक वर्षं हिला कमी ऐकू येतं. कानाला यंत्र लावायचं नाव काढलं, की म्हणते, "मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच पुटपुटता." मागच्या पावसाळ्यात मी किल्ली विसरून बाहेर गेलो आणि परत आल्यावर पाऊण तास बेल वाजवत उभा राहिलो. वरच्या मजल्यावरचे लोक बाहेर आले, खालचे आले. आमचं दार तेवढं उघडलं नाही. शेवटी उघडलं तेव्हा ही म्हणाली, "एवढा उशीर?" त्यावर मी नाही नाही ते बोललो. ते मात्र तिला स्वच्छ ऐकू आलं.

तेव्हा ठरवलं, दारात बटण दाबलं की ओट्याजवळ दिवा लुकलुकला पाहिजे.

बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेलो. दुकानदारानं विचारलं, "काका, ओरिजिनल देऊ की चालणारा?" या बोर्डाचा आराखडा सगळ्यांना खुला असल्यामुळे नकलाही राजरोस मिळतात. काही शे रुपयांत मी 'चालणारा' घेतला.

घरी येऊन कॉम्प्युटरला जोडला. बोर्डावरचा दिवा लागला, पण कॉम्प्युटर ओळख देईना. तीन दिवस डोकं खाजवल्यावर भाचा म्हणाला, "मामा, ही मोबाइल चार्ज करायची वायर दिसतेय." तिच्यात वीज नेणाऱ्या दोन तारा होत्या, निरोप नेणाऱ्या दोन नव्हत्याच! मी गप्प झालो. आमच्या घरातही त्या दिवसापासून तेच चाललं होतं. चहा वेळेवर येत होता, शब्द येत नव्हता.

वायर बदलली. प्रोग्रॅममध्ये एक अर्धविराम विसरलो, तर यंत्रानं चूक दाखवली पुढच्या ओळीत. आमचे साहेबही माझ्या चुकीबद्दल शेजारच्या टेबलाला झापत, त्यामुळे मला ते नवं वाटलं नाही. मग एलईडीचा लांब पाय तेरा नंबरच्या भोकाकडे आणि मध्ये २२० ओहमचा रेझिस्टर, म्हणजे दिवा जास्त करंट ओढून जळत नाही. एक सेकंद थांबवायचं तर आकडा लिहायचा १०००, कारण हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागात!

बटणाचा न्याय तर उलटा. मोकळं असताना बोर्डाला 'एक' दिसतो, दाबलं की 'शून्य'. छत्तीस वर्षं नोकरी केलेली असल्यानं हे मला चटकन समजलं.

शेवटी एका संध्याकाळी दाराबाहेर जाऊन मी बटण दाबलं. आतून आवाज आला, "अहो, दिवा लागला हो!" आणि दार उघडलं. पाऊण तास नाही, पाऊण मिनिटसुद्धा नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी फार बोललो गं." ही म्हणाली, "काय?" मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं.

रात्री जेवताना ती म्हणाली, "दूधवाल्याचा दिवा वेगळा आणि तुमचा वेगळा, असं नाही का करता येणार?"

"ते कशाला?"

"कोण आलंय ते कळायला नको?"

मग माझ्यापुरतं बटण दोनदा दाबायचं ठरलं. त्याला दिवा सावकाश लुकलुकतो. बारा ओळी वाढल्या. अर्धविराम एकही विसरलो नाही.