चहा, पेज आणि इंग्रजी

‘‘फादर, चीनच्या लेकरायले इंग्रजी शिकवाले चालले म्हने तुमी? आन् आपल्या वस्तीतल्या लेकरायले कोन शिकवन?’’

२०१४ सालच्या जून महिन्यातील एका रविवारी, मिस्सा आटोपून मी चर्चच्या पायऱ्यांवर उभा असताना आमच्या धर्मग्रामातील एका आजींनी मला हा प्रश्न विचारला. नागपूरचा उन्हाळा अजून ओसरला नव्हता. पावसाचा पत्ता नव्हता आणि माझ्याजवळ उत्तरही नव्हते. मी हसून वेळ मारून नेली. परंतु पुढे तीन आठवडे हा प्रश्न माझ्या सामानाबरोबर प्रवास करीत राहिला.

निमित्त असे घडले की, गुरुविद्यालयात माझ्याबरोबर शिकलेले एक धर्मगुरू त्या वेळी मकाव येथे सेवा करीत होते. तेथील एका प्राथमिक शाळेत जुलैच्या सुटीत मुलांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरणार होता आणि त्यासाठी स्वयंसेवक हवे होते. मानधन नाही, राहण्याजेवणाची सोय धर्मग्रामाच्या घरी, प्रवासखर्च ज्याचा त्याने करावा. माझ्या धाकट्या भावाने तिकिटाचा भार उचलला, वरिष्ठांनी परवानगी दिली आणि मी निघालो. त्या तिकिटाच्या पैशांत वस्तीतील काही मुलांची वर्षाची फी सहज भरली गेली असती, हे मला कळत नव्हते असे नाही. आजींना तेच म्हणायचे होते.

वाचकहो, नागपूरहून चीनकडे जाणारा मी काही पहिला नव्हे. १९३८ साली जपानी आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनच्या साहाय्याला पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले, त्यात आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. पथकाचे नेते होते डॉ. मदन अटल. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे नाव आपल्याला व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे ठाऊक असते. चोळकरांचे नाव मात्र त्यांच्याच गावात फारसे कोणी घेत नाही. कोटणीस तेथेच राहिले. ते चिनी भाषा शिकले, त्याच भाषेतून वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच मरण पावले. विमानात बसल्यावर मला त्यांची आठवण झाली आणि थोडा संकोचही वाटला. ते जखमा बांधायला गेले होते. मी ‘गुड मॉर्निंग’ शिकवायला निघालो होतो.

हाँगकाँगहून बोटीने साधारण तासाभरात मकाव येते. चारशेहून अधिक वर्षे पोर्तुगीजांच्या अमलाखाली असलेले हे नगर २० डिसेंबर १९९९ रोजी चीनकडे परत गेले. तरी रस्त्यांची नावे आजही निळ्या-पांढऱ्या फरशांवर चिनी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही भाषांत लिहिलेली दिसतात. पणजीच्या जुन्या वस्तीतून हिंडल्याचा भास होतो. टेकडीवर सेंट पॉल चर्चची दगडी दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. मागचे सारे चर्च १८३५ सालच्या आगीत जळून गेले. दार आहे, पण आत जावे तर डोक्यावर आकाश!

धर्मग्रामाच्या घरी स्वयंपाक करणाऱ्या एक वृद्ध बाई होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि मला त्यांची कँटोनीज येत नव्हती. पहिल्या सकाळी त्यांनी माझ्यापुढे एक वाफाळलेला वाडगा ठेवला. पाहतो तो आपली पेज! भात पार विरघळेपर्यंत शिजवलेला, वर थोडे मीठ. त्याला त्या ‘जूक’ म्हणत. नंतर कपात चहा ओतून त्या म्हणाल्या, ‘‘चा.’’ मी म्हणालो, ‘‘चहा.’’ आम्ही दोघेही हसलो. हा शब्द मुळात त्यांचाच; फिरत फिरत आपल्या घरी आला आणि आपलाच होऊन बसला. त्या बाईंनीच मला आणखी एक गोष्ट शिकवली. त्यांच्या भाषेत आभार मानण्याचे दोन शब्द आहेत. कोणी चहा ओतला, दार उघडून धरले, म्हणजे एखादे काम केले, तर ‘म-गोय’. आणि कोणी भेट दिली तर ‘दो-जे’. मी दोन्हींची सारखी गल्लत करीत असे.

वर्गात तिसरी-चौथीची तीसेक मुले होती. त्यांच्या वह्या पाहून मी थक्क झालो. इंग्रजी अक्षर छापल्यासारखे, स्पेलिंग बिनचूक. परंतु ‘‘आज सकाळी काय खाल्लेस?’’ एवढे इंग्रजीत विचारले की वर्ग चिडीचूप. लिहून द्या म्हटले असते तर सर्वांनी लिहिले असते. बोलायचे म्हटले की माना खाली. चूक होण्यापेक्षा गप्प बसणे बरे, हे गणित मुलांनी फार लवकर सोडवलेले असते. आपल्या शाळांतूनही हेच चित्र मी पाहिले आहे. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. पूर्वी ते पाचवीत येत असे. मुले ‘हाऊ आर यू’ एका सुरात म्हणतात. पण वर्गाबाहेर तोच प्रश्न एकेकट्याला विचारला की गोंधळून जातात.

मी पाहुण्यांच्या उत्साहाने कामाला लागलो. फळ्याकडे पाठ करायची, वह्या मिटून ठेवायच्या, खोटे दुकान मांडायचे. एकाने दुकानदार व्हावे, दुसऱ्याने गिऱ्हाईक. तिसऱ्या दिवशी विषय होता आवडीचे अन्न. गोल चष्मा लावणारा एक किरकोळ मुलगा, ज्याने तोवर तोंड उघडले नव्हते, आपण होऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘आय लाइक लाइस.’’

त्याला ‘राइस’ म्हणायचे होते. कँटोनीज बोलणाऱ्यांना ‘र’ कठीण जातो, हे मला ठाऊक होते. तरीही मला विनोद सुचला. ‘लाइस’ म्हणजे काय ते दाखवण्यासाठी मी डोके खाजवले आणि दोन बोटांत ऊ धरल्याचा अभिनय केला. वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. तो मुलगा खाली बसला आणि नंतर चार दिवस एक शब्द बोलला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील एका खेड्यातला, मराठी शाळेत शिकलेला. लघु गुरुविद्यालयात आलो तेव्हा इंग्रजी वाचता येत होते, पण जीभ गावाकडची होती. पहिल्याच आठवड्यात सर्वांसमोर ‘इस्कूल’ म्हणालो आणि पंगतीत हशा पिकला. पुढे वर्षभर मी इंग्रजीत बोलावे लागेल अशी प्रत्येक जागा टाळली. आजारी पडलो तरी इन्फर्मरीत जात नसे, कारण तेथे इंग्रजीत सांगावे लागे. हे सारे मी विसरलो आहे, अशी माझी समजूत होती. तीस वर्षांनंतर, हजारो मैलांवर, तोच हशा मी स्वतः पिकवला होता. तोही कोणाच्या घरात? ज्यांची एक पैचीही भाषा मला येत नव्हती त्यांच्या!

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाची क्षमा मागितली. परंतु इंग्रजीतून मागितलेली क्षमा त्याच्यापर्यंत पोहोचली की नाही, कोण जाणे! त्याने नुसती मान हलवली. शाळेच्या नेहमीच्या शिक्षिका हे पाहत होत्या. त्या सौम्यपणे मला म्हणाल्या, ‘‘फादर, तुम्ही तीन आठवड्यांनी जाल. ही मुले आणि मी इथेच असू.’’ त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले.

सातव्या दिवशी मधल्या सुटीत मी त्या मुलाच्या बाकावर जाऊन बसलो. त्याच्या डब्यात भात होता. मी बोट दाखवून विचारले, ‘‘तुमच्या भाषेत काय म्हणता?’’ तो पुटपुटला, ‘‘फान.’’ मीही म्हणालो, ‘‘फान.’’ त्याने मान हलवली. पुन्हा म्हणालो. पुन्हा चूक. कँटोनीजमध्ये सहा सूर आहेत. सूर चुकला की अर्थ बदलतो. ‘मा’ म्हणजे एका सुरात आई आणि दुसऱ्या सुरात घोडा. मी दहा वेळा ‘फान’ म्हणालो आणि दहाही वेळा भलतेच काही बोललो असावा, कारण भोवती जमलेली मुले पोट धरून हसू लागली. तो मात्र हसला नाही. त्याने आपला तळहात बाकाच्या अगदी जवळ आडवा धरला आणि सावकाश सरळ रेषेत पुढे नेला. म्हणजे आवाज खाली ठेव, सपाट ठेव. माझ्या हाताला धरून त्याने तसेच करविले. अखेरीस तो म्हणाला, ‘‘गुड.’’ चार दिवसांनंतरचा त्याचा तो पहिला इंग्रजी शब्द.

त्या दिवसापासून वर्गाची रीत बदलली. तास सुरू होण्यापूर्वी मुलांनी मला पाच कँटोनीज शब्द शिकवायचे आणि मी ते सर्वांसमोर म्हणून दाखवायचे. माझ्या चुकांवर हसून झाले की मुलांना स्वतःच्या चुकांचे भय उरत नसे. एकदा बोलू लागली की ती थांबत नसत. मला ‘सान-फू’, म्हणजे फादर, अशी हाक मारून ती आपल्या आजीविषयी, मांजरीविषयी, वादळाचा इशारा लागला की शाळेला मिळणाऱ्या सुटीविषयी मोडकेतोडके सांगत राहत. तीन आठवड्यांत त्यांचे इंग्रजी फार सुधारले, असे मी म्हणणार नाही. तीस-चाळीस वाक्ये आली असतील. त्या मुलाचा ‘र’ शेवटपर्यंत आला नाही. मी तो पुन्हा मागितलाही नाही.

शेवटच्या रविवारी मी टेकडीवरच्या त्या भिंतीपाशी बसलो असता दोन जेज्वीट धर्मगुरू मनात आले. इटलीचे मत्तेओ रिची १५७८ साली गोव्यात उतरले, तर इंग्लंडचे थॉमस स्टीफन्स १५७९ साली. रिची पुढे १५८२ साली मकावला आले, येथे बसून चिनी शिकू लागले आणि १५९५ साली त्यांनी मैत्री या विषयावर चिनी भाषेत पुस्तक लिहिले. स्टीफन्स आपल्याकडेच राहिले आणि १६१६ साली राचोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, मराठीत आणि ओवीछंदात. त्यांचे ग्रंथ मी गुरुविद्यालयात परीक्षेसाठी अभ्यासले होते. आपल्या भूमीत येऊन वसलेल्या त्या इंग्रजाने आपल्याला इंग्रजी शिकवली नाही. तो आपली भाषा शिकत बसला. हे किती विलक्षण होते, ते मला ‘फान’ म्हणता येईना तेव्हा उमगले. एका शब्दासाठी एका मुलाने माझा हात धरावा लागला. त्यांचा हात किती जणांनी धरला असेल! गोव्यातील कोणा शेतकऱ्याच्या पोरानेही त्यांना एखादा स्वर दुरुस्त करून दिला असेलच की.

निरोपाच्या दिवशी त्या मुलाने मला एक चित्र दिले. वाफाळणारा वाडगा, दोन काड्या आणि खाली मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘राइस’. स्पेलिंग अर्थातच बिनचूक. माझा गळा दाटून आला आणि मी म्हणालो, ‘‘म-गोय.’’ त्याने मान हलवली. ‘‘सान-फू, दो-जे,’’ तो म्हणाला. भेट दिली म्हणजे ‘दो-जे’ म्हणावे. मी चुकलो होतो आणि त्याने मला कोणाला हसू न देता दुरुस्त केले होते.

नागपूरला परतल्यावर ऑगस्टमध्ये आम्ही धर्मग्रामाच्या सभागृहात वस्तीतील मुलांसाठी शनिवारचा इंग्रजी वर्ग सुरू केला. आजींचा नातूही त्यात होता आणि आजी मागच्या बाकावर येऊन बसत. माझी परीक्षा घ्यायलाच, असे मला वाटे. तेथे बांधकामावर काम करणाऱ्या, छत्तीसगडहून आलेल्या एका कुटुंबातील मुलगी होती. ‘‘सकाळी काय खाल्लेस?’’ असे मी इंग्रजीत विचारताच तिने मान खाली घातली. तिला वाक्य येत नव्हते असे नाही. पदार्थाचे नाव सांगायची लाज वाटत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि घरी त्याला काय म्हणतात ते विचारले. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘‘बासी.’’ रात्रीचा भात पाण्यात घालून सकाळी खातात, तो. दोन-तीन मुले हसू लागली, कारण हिंदीत ‘बासी’ म्हणजे शिळे. मी तो शब्द तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतला, तिच्यासारखाच म्हणून पाहिला आणि फळ्यावर इंग्रजी वाक्यात लिहिला. तिने तो फळा पाहिला आणि सावकाश, पण सर्वांना ऐकू जाईल असे वाचले, ‘‘आय एट बासी.’’

मागच्या बाकावरून आजींचा आवाज आला, ‘‘आमीबी हेच खात होतो, फादर.’’

पायऱ्यांवरच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी आजींना कधीच दिले नाही. त्यांनीही पुन्हा विचारले नाही. आता त्या नाहीत. शनिवारचा वर्ग चालू आहे आणि तो आता आमच्या युवक मंडळातील मुली चालवतात. पहिल्या दिवशी त्या मुलांकडून त्यांच्या घरचे पाच शब्द शिकून घेतात.