एन्झाइम जातं कुठे?

रद्दीतून इथेनॉल काढताना साखर कमी उतरली, की एन्झाइमचा डोस वाढवण्याकडे कल असतो. तो मला चुकीचा वाटतो. बहुतेक वेळा एन्झाइम कमी पडलेलं नसतं, भलत्या जागी अडकलेलं असतं. वर्तमानपत्राचा कागद प्रामुख्याने यांत्रिक लगद्याचा. लाकडातलं बहुतांश लिग्निन त्यात तसंच राहतं. सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोजची साखर करणारं एन्झाइम, त्याला चिकटतं आणि सेल्युलोजपर्यंत पोचतच नाही. ट्वीन-80सारखा सर्फॅक्टंट किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल लगद्यात आधी मिसळलं, तर लिग्निनचा पृष्ठभाग ते व्यापतं आणि एन्झाइम मोकळं राहतं. वर्तमानपत्राच्या कागदावर ट्वीन-80चा फायदा कास्टानॉन आणि विल्की यांनी 1981 सालीच दाखवला होता. लिग्निन नसलेल्या शुद्ध सेल्युलोजवरही थोडा फायदा दिसतो, मग लिग्निनचं कारण खरं कशावरून, असं कोणी विचारेल. पण घुसळताना हवा आणि पाण्याच्या सीमेवर एन्झाइमची घडी मोडते आणि सर्फॅक्टंट तिथेही त्याला वाचवतो. दोन्ही ठिकाणी काम एकच, एन्झाइमची नासाडी थांबवण्याचं. म्हणून कुठलाही सर्फॅक्टंट चालत नाही. एसडीएससारखा ऋणभारित पदार्थ प्रथिनाचीच रचना उसवतो.

ऑफिसच्या पांढऱ्या कागदात मात्र लिग्निन नगण्य असतं. तिथे ट्वीन ओतून फारसं हाती लागत नाही, कारण शत्रू वेगळा आहे: भरणीचं कॅल्शियम कार्बोनेट. ते सामू वर ढकलतं आणि ट्रायकोडर्मा बुरशीच्या सेल्युलेजला 5च्या आसपासचा सामू लागतो. इथे खरं पूरक द्रव्य म्हणजे आम्ल.

रद्दीला भाव आहे, तिचा पुन्हा कागदच का करू नये? करावाच. पण दर फेरीत तंतू आखूड होतात आणि शेवटी गिरणीच्या गाळात जातात. इथेनॉलसाठी मला तोच गाळ योग्य वाटतो. सर्फॅक्टंटच्या खर्चाचा आक्षेप रास्त आहे. वाचलेल्या एन्झाइमची किंमत त्याहून जास्त भरते का, हे प्रत्येक मालावर तपासावंच लागतं. यीस्टची काळजी मात्र नको: प्राणवायूविना वाढताना त्याला लागणारं ओलेइक आम्ल ट्वीन-80मधूनच मिळतं. क्रम तेवढा पाळावा. गाळात हेच कॅल्शियम कार्बोनेट भरपूर असतं, म्हणून आधी आम्ल द्यावं, कार्बन डायऑक्साइडचा फेस बसू द्यावा, सामू स्थिरावल्यावर ट्वीन मिसळावं आणि एन्झाइम सगळ्यात शेवटी घालावं.