क्लिक बंद ठेवून

अहिराणी गाण्यांना ठेका बांधणं हे माझं काम. लग्नसराईच्या आधी धुळ्या-जळगावकडची मंडळी चाल आणि शब्द घेऊन येतात. मी एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये ढोलकी, संबळ, ढोल एकावर एक चढवते आणि मे महिन्यात तेच गाणं डीजेच्या गाडीवर वरातीपुढे वाजतं. गाडीपुढे पोरं नाचतात, बायका मागे. गाण्यातही साधारण तसंच. बोलणारा पोरगा, झुमके घालून लाजणारी पोरगी, आणि मधे तिच्या तोंडी दोन ओळींचं उत्तर. त्या दोन ओळींपुरती गायिका येते, चहा पिते, जाते. मागे राहिलेला तिचा आवाज मी सुरात ओढायचा आणि घासूनपुसून गुळगुळीत करायचा, हा धंद्याचा रिवाज.

ल तिग्र या न्यू यॉर्कच्या बँडचा पहिला अल्बम मी ऐकला तो याच कामाच्या कानांनी. १९९९चा अल्बम, बारा गाणी. कॅथलीन हॅना, जोहाना फेटमन आणि सेडी बेनिंग या तिघींचा. हॅना आधीच्या बिकिनी किल या पंक बँडमुळे गाजलेली. तिथे ती मैफलीत मुलींना मंचाजवळ बोलावून घ्यायची आणि पुरुषांना मागे सरायला सांगायची. (वरातीत हे कुणी करून दाखवावं, मी गाडीचं भाडं देईन.) मग १९९८मध्ये तिनं ज्युली रुइन या नावानं एकटीनं, घरातल्या घरात एक अल्बम केला. ड्रमॅटिक्स नावाचं स्वस्तातलं ड्रम मशीन आणि सॅम्पलर, मुख्यतः एवढ्यावर. ती गाणी लोकांपुढे वाजवायची म्हणून साथीदार शोधता शोधता ल तिग्र उभा राहिला.

पहिल्यांदा ऐकताना माझं लक्ष शब्दांकडे गेलंच नाही. मी लूपचे, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणाऱ्या ठेक्याच्या तुकड्याचे, सांधे शोधत होते आणि ते मुद्दाम उघडे ठेवलेले दिसले. ठेका यंत्राचा आहे हे कुठे लपवलेलं नाही. मी एरवी यंत्राला माणसासारखं वाजायला लावते. प्रत्येक थापेचा जोर थोडा कमी-जास्त करते, एखादी थाप केसभर उशिरा पाडते, जेणेकरून ऐकणाऱ्याला वाटावं की कुणीतरी ढोलकी घेऊन बसलंय. इथे उलटं. यंत्र ठोकळ्यासारखं ठाम आणि त्याच्यावर बायकांचे आवाज ओरडतात, चिरकतात, एकमेकींवर आदळतात. ते आवाज कुणी सुरात ओढले असते तर अल्बम तिथेच मेला असता. शिवाय ढोलकीवाला कधी मोकळा आहे, त्याला रात्री घरी सोडायला कोण जाणार, तो गाण्याबद्दल काय म्हणेल, हे सगळे प्रश्न ठेका यंत्राकडे दिल्यावर मिटतात. आमच्याकडे यंत्र आलं ते ढोलकीवाल्याचे पैसे वाचवायला. त्यातून बायकांना काही मिळू शकतं, हे कुणाच्या मनातही नव्हतं, माझ्याही.

तसं पाहिलं तर आपल्याकडे बायकांच्या गाण्याला वादक कधी लागलाच नाही. जातं होतं. हात फिरतोय तोवर लय चालू, आणि पहाटेच्या त्या घरघरीत सासूला ऐकू न जाणारं बरंच काही म्हणून घेता येई. जळगावजवळच्या आसोद्याच्या लेकीनं, बहिणाबाईंनी, अशीच गाणी रचली. त्यांना लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी ती उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या आणि अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२मध्ये पुस्तक निघालं. म्हणजे त्यांचा पहिला अल्बम त्यांच्या माघारी आला, तोही आवाजाशिवाय. शब्द अमोल आहेतच. पण माझ्यासारखीला विचारायचं असतं की चार ओळींनंतर त्या दम कुठे घेत, जातं जड झालं की चाल ओढली जाई का. छापील पानाला हे विचारता येत नाही.

म्हणून आमच्या खानदेशातल्या कानबाई या देवीची गाणी बायकांकडून रेकॉर्ड करायचं ठरलं तेव्हा मी क्लिक बंद ठेवला. क्लिक म्हणजे हेडफोनमध्ये टकटकणारा ठेका. गाणाऱ्यानं त्याच्या मागे चालायचं असतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, रात्र जागवली जाते, आणि सोमवारी तिला डोक्यावर घेऊन निघालेल्या बायका रस्त्यावर फुगड्या घालतात. हे गाणं एका गतीत राहतच नाही. सुरुवात रेंगाळत होते आणि शेवटाला टाळ्या इतक्या पुढे जातात की शब्द मागे पडतात. क्लिकवर गायला लावलं की बायका शाळेत प्रार्थना म्हटल्यासारख्या गातात. तेव्हा आधी मोकळं गाऊन घेतलं, कूलर बंद, भिंतींना गोधड्या टांगलेल्या. आणि मग कॉम्प्युटरवर टाळीमागून टाळी खूण करत ठेक्याची गती त्यांच्या गतीमागे नेली. कटकटीचं काम आहे. सॉफ्टवेअरला अशा गाण्याचा राग येतो. पण यंत्र बायकांमागे धावताना ऐकू येतं आणि मला तेच हवं होतं. हसणं, खोकला, कुणाचीतरी ‘थांब गं’, सगळं ठेवलं.

ल तिग्रच्या अल्बमात ‘हॉट टॉपिक’ नावाचं गाणं आहे. त्यात जवळपास नुसती नावं आहेत: ज्यांच्या कामामुळे आम्ही उभ्या आहोत असे कलावंत, लेखिका, कार्यकर्त्या. नीना सिमोन, योको ओनो, अँजेला डेव्हिस. आपल्या गायत्री स्पिव्हाक आणि उर्वशी वैदसुद्धा. मला ते ऐकून उखाणा आठवला. नाव घ्यायचा आग्रह आपल्याकडे काय कमी होतो! पण घ्यायचं ते नवऱ्याचं. यमक जुळवण्याची एवढी कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच नावावर खर्च झाली.

तेव्हा कानबाईच्या गाण्याच्या शेवटी एक लूप मोकळा सोडला आणि त्यात बायकांनी बायकांची नावं घ्यायची असं ठरवलं. बहिणाबाईंचं नाव पहिलं, त्यावर वाद नव्हता. पुढे वादच वाद. एकीला तिची शिक्षिका हवी, दुसरीला बाळंतपणं करणारी सुईण, तिसरी म्हणाली एसटीची कंडक्टर टाका, अर्धं तिकीट मिळाल्यापासून तीच आमची मैत्रीण. मग कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या, “मन्हं नाव बी टाक ना.” लग्नात त्यांचं नाव बदललं होतं. मी विचारलं, “कोनतं मावशी, माहेरनं का सासरनं?” त्यांनी जरा विचार केला. “दोन्ही टाक.” माहेरचं तीन अक्षरी, सासरचं चार, दोन्ही मिळून ठेक्याबाहेर जात होती. लूप चार मात्रांनी वाढवला.