बेलोऱ्याचं विमान अन् हातातलं घड्याळ

"मुंबई आता पावणेदोन तासांवर!" १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून पहिलं प्रवासी विमान उडालं, तेव्हापासून हे वाक्य अमरावतीत किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. आनंद मलाही झाला. जिल्ह्याला विमान मिळालं, वाईट काय त्यात? पण मंडळी, जरा हिशेब करून पाहू.

अमरावती ते मुंबई सरळ रेषेत अंदाजे ५४० किलोमीटर. आपल्याकडे येतं ते एटीआर-७२, पंख्याचं विमान. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. मंग एक तास पाच-दहा मिनिटांत पोहोचायला हवं ना? नाही पोहोचत. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची चाल आली, चढणं-उतरणं आलं, अन् मुंबईच्या आकाशात नंबर लागेपर्यंतचं घिरट्या घालणंही आलं. म्हणून पावणेदोन तास. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार वेळेची आहे. सुरुवातीला विमान आठवड्यातून तीन दिवस ठेवलं: सोमवार, बुधवार, शुक्रवार. मुंबईहून दुपारी अडीचला सुटणार, सव्वाचारला बेलोऱ्याला. इथून चार-चाळीसला सुटणार, मुंबईत सहा-पंचवीसला. आता समजा कोणाचं मंत्रालयात काम आहे, किंवा टाटा हॉस्पिटलमध्ये पेशंट दाखवायचा आहे. सोमवारी दुपारी घर सोडायचं, कारण बेलोरा शहराबाहेर अन् तपासणीला आधी पोहोचावं लागते. मुंबईत उतरेपर्यंत ऑफिसं बंद. मंगळवारी काम. परत यायला विमान बुधवारी दुपारी. म्हणजे दोन रात्रींचं लॉज.

आता आपली जुनी अमरावती एक्सप्रेस पाहा. सोमवारी संध्याकाळी गावातल्याच स्टेशनवरून बसा, मंगळवारी सकाळी सीएसएमटी. दिवसभर काम, संध्याकाळी तीच गाडी, बुधवारी सकाळी घरचा चहा. लॉज नाही, टॅक्सी नाही. बारा तासांची गाडी पावणेदोन तासांच्या विमानाच्या सात-आठ तास आधी घरी आणून सोडते! भाऊ, हे गणित मी तीनदा केलं.

अकोलेकरांचं दुखणं आणखी वेगळं. शिवणीची धावपट्टी ब्रिटिशांच्या काळातली, पण तिचा विस्तार कृषी विद्यापीठाच्या जमिनीच्या प्रश्नात वर्षानुवर्षं अडकलेला. त्यांनी बेलोऱ्याला यायचं म्हणजे नव्वदेक किलोमीटर. हाच तो रस्ता, ज्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नाव गेलं. रस्ता झकास आहे, पण मुंबईची रेल्वे अकोल्याच्या दारातूनच जात असताना तो माणूस उलट्या दिशेला बडनेऱ्याकडे कशाला येईल?

विमान बंद करा असं कोणी म्हणू नये. ज्याला मुंबईहून पुढे रात्रीचं विमान पकडायचं, त्याच्यासाठी हीच वेळ चांगली. पण पुढाऱ्यांनी, व्यापारी मंडळींनी निवेदन देताना फक्त "फेऱ्या वाढवा" लिहू नका. सकाळी इथून सुटणारं अन् त्याच संध्याकाळी परत आणणारं विमान मागा. त्यासाठी बेलोऱ्यात अंधार पडल्यावर उतरायची सोय लागेल, तीही त्याच कागदावर लिहा. पुढच्या वेळी नेते "पावणेदोन तास" म्हणाले, की तेवढं विचाराच: साहेब, परत कधी?