नखरे नव्हेत, दुखणं!

मैत्रिणींनो, घरातली सून 'थकले' म्हणाली की तिला मिळणारं पहिलं औषध म्हणजे टोमणा! माझ्या धाकट्या जावेनं ते दोन वर्षं घेतलं. आधी एक डोळा दुखून अंधूक झाला, महिन्याभरात आपसूक निवळला. मग पायांना मुंग्या. मान खाली घातली की पाठीतून विजेचा झटका. कढत पाण्यानं अंघोळ केली की डोळ्यांपुढे पुन्हा धूसर. वडीलधारे म्हणाले, "नखरे!" डॉक्टर म्हणाले, "अशक्तपणा."

पण जाऊबाई हुशार. दुधाच्या हिशेबाच्या वहीत प्रत्येक दुखण्याची तारीख मांडत गेल्या. ती वही मेंदूविकारतज्ज्ञांनी पाहिली आणि एम.आर.आय. करवला. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेनं पांढरे, लंबगोल डाग. मानेच्या मज्जारज्जूत आणखी एक. शिरेतून औषध दिल्यावर ताजे डाग चमकले, जुने नाही. निदान झालं मल्टिपल स्क्लेरोसिस. विजेच्या तारेवर प्लास्टिक, तसं मज्जातंतूंवर मायलिनचं वेष्टन. शरीराची संरक्षक यंत्रणाच ते कुरतडते.

हे दुखणं बहुधा विशी ते चाळिशीत जडतं, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. समूळ जात नाही. पण वेळेवर औषधं सुरू केली तर उसळ्या कमी होतात. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यातही त्याची नोंद आहे.

प्रत्येक मुंगी म्हणजे हा आजार नव्हे, घाबरू नका. पण अधू दृष्टी किंवा बधिरपणा दिवसभराहून जास्त टिकला, तर तारीख लिहा आणि डॉक्टरांना दाखवाच. टोमण्यानं डाग पुसले जात नाहीत हो!